वडिलांना व्हेंटिलेटर नको, आई म्हणते पाप, भाऊ म्हणतो केस होईल : धर्म आणि घटना नक्की काय म्हणतात

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ७६ वर्षांचे, सीओपीडीने, म्हणजे श्वासनळ्या आकसत जाण्याच्या जुनाट आजाराने, फुप्फुसं पार गेलेली, दोनदा व्हेंटिलेटरवर जाऊन परत आलेत, डोकं एकदम शाबूत, आणि आता ते म्हणतायत की पुढच्या वेळी घशात नळी घालायची नाही. आई म्हणते ही आत्महत्याच झाली, यांना गती मिळणार नाही. भाऊ म्हणतो इच्छामरण भारतात बेकायदा आहे, आपण सही केली तर उद्या पोलीस आपल्याच दारात. आणि तुम्हाला हवंय की धर्म काय म्हणतो आणि राज्यघटना काय म्हणते ते कोणीतरी नीट सांगावं.

मी वकील नाही, आयसीयूत आयुष्य गेलं आणि आता जास्त वेळ पॅलिएटिव्हमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्यात, जातो. पण या विषयातले निकाल वाचावेच लागतात कारण मेडिकल बोर्डावर बसायची वेळ येते, आणि आयसीयूच्या बाहेर सगळ्या धर्मांची माणसं रडताना-भांडताना बघितली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो, की या विषयात धर्म आणि घटना एकमेकांच्या विरोधात उभे आहेत असं जे टीव्हीवर दाखवतात तसं फारसं काही नाहीये. मारणं वेगळं आणि मरू देणं वेगळं, ही रेघ दोघांनीही जवळपास एकाच ठिकाणी मारली आहे. भांडण एक-दोन ठिकाणी आहे, ते पुढे सांगतो.

आणि तुमच्या वडिलांपुरतं उत्तर तर अजूनच सोपं आहे. शुद्धीवर असलेला, समज असलेला प्रौढ माणूस कुठलीही ट्रीटमेंट नको म्हणू शकतो, जीव वाचवणारी असली तरी. याला ना बोर्ड लागतं ना कोर्ट. सगळा गोंधळ सुरू होतो तो माणूस बोलू शकत नाही तेव्हा.

आता आईंचं बघू, कारण खरी अडचण तिथेच आहे, भावाचं कायद्याने मिटेल.

आत्महत्या पाप हे आपल्याकडे धर्मशास्त्रात आहेच, त्यात वाद नाही. पण त्याच परंपरेत प्रायोपवेशन आहे, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाची वाट बघणं, महाप्रस्थान आहे, म्हणजे परत न येण्यासाठी चालत निघणं, मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थी माणसाने पाणी आणि वाऱ्यावर राहत ईशान्येकडे चालत जावं, देह पडेपर्यंत, असं सरळ सांगितलंय. नंतरच्या ग्रंथकारांनी महाप्रस्थान कलिवर्ज्यात टाकलं, म्हणजे या युगात करू नका, याचा अर्थ त्यांनाही प्रश्न पडलेलाच होता की कोणीही उठून हे करेल. म्हणजे एकच एक 'हिंदू मत' वगैरे काही नाही, दोन्ही बाजूंना आधार सापडतो. आणि आपल्या मातीत तर विचारूच नका, आळंदीला माउलींची संजीवन समाधी १२९६ ची, तिला कोणी आत्महत्या म्हणत नाही. अलीकडचं घ्यायचं तर सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत औषध-अन्न-पाणी बंद केलं आणि २६ तारखेला गेले, विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तसंच केलं आणि १५ तारखेला गेले. दोघांचे विचार किती वेगळे होते ते सगळ्यांना माहितीये, पण शेवट एकाच प्रकारे केला. तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ कलम जागेवर होतं, कोणी गुन्हा नोंदवला नाही.

पण आईंना हे सांगू नका. समाधीची आणि विनोबांची उदाहरणं दिली की त्या म्हणतील ते संत होते, हे माझे मालक आहेत, आणि ते बरोबरच आहे. वडील काही अन्नत्याग करत नाहीयेत. त्यांना जेवायचंय, औषधं-नेब्युलायझर सगळं घ्यायचंय, नातवंडांत बसायचंय, फक्त फुप्फुसं थांबली की मशीनने ओढायचं नाही एवढंच. श्वास मोजून मिळालेत असं आपली म्हातारी माणसं म्हणतात ना, त्या हिशोबाने बघितलं तर मोजणी संपल्यावर मशीन लावणं हीच उलट ढवळाढवळ. हे मी नाही, एका कीर्तनकार आजोबांनी त्यांच्या बायकोच्या वेळी मला ऐकवलं होतं आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

गंमत म्हणजे आमच्याकडे धर्म उलट्या दिशेनेही येतो. पंचक लागलंय, डॉक्टर दोन दिवस काढा. मुलगा न्यू जर्सीहून निघालाय, तोपर्यंत ठेवा. उत्तरायण लागू दे, असंही ऐकलंय, भीष्मांचा दाखला देऊन. आणि तेच लोक व्हेंटिलेटर काढायचा म्हटलं की देवाच्या हातातलं आपण का घ्यायचं म्हणतात. यात ढोंग नाहीये, घाबरलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

बाकी धर्मांचं. कॅथलिक चर्च इच्छामरणाच्या सगळ्यात कडक विरोधात आहे असा समज आहे आणि तो खराही आहे, पण पोप पायस बाराव्यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांसमोर सांगितलं होतं की असाधारण उपाय करत राहण्याचं बंधन नाही, आणि १९८० च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात तेच अजून स्पष्ट केलं, की मरण अटळ असताना नुसती घसरगुंडी लांबवणारी, त्रासदायक ट्रीटमेंट नाकारणं म्हणजे आत्महत्या नाही. वेदना कमी करायला औषध दिलं आणि त्याने आयुष्य थोडं कमी झालं तरी हेतू मारण्याचा नसेल तर चालतं. फक्त नळीतून अन्नपाणी देणं हा त्यांच्या दृष्टीने साधा सांभाळ आहे, शरीर ते घेतंय तोवर ते बंद करू नका असं म्हणतात. गोव्यात गंमत बघा, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल, म्हणजे आपण बोलू शकलो नाही तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणारा कागद, केलं, गोव्यात तसं करणारे पहिले, आणि चर्चवाल्या गोव्यात त्यावरून काही आभाळ कोसळलं नाही.

इस्लाममध्ये जीव ही अमानत, म्हणजे देवाने दिलेली ठेव, आहे, सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःला मारू नका असं आहे, त्यामुळे इंजेक्शन देऊन मारणं हराम यावर दुमत नाही. पण ज्या उपचाराने काही होणार नाही तो चालू ठेवणं फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक, आहे का, याला अनेक उलेमा नाही म्हणतात. आमच्याकडे एक मौलवीसाहेब यायचे, घरच्यांना एवढंच विचारायचे, 'डॉक्टर म्हणतायत का की ही मशीन बरं करतीये?' नाही म्हटलं की पुढचं सोपं व्हायचं. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, तर भिक्षूने माणूस मारणं सोडाच, कोणापुढे मरणाचे गोडवे गाऊन त्याला त्या वाटेला लावणं हासुद्धा संघातून बाहेर काढण्याचा अपराध आहे. मला हा नियम फार आवडतो, कारण आयसीयूत मी हे प्रत्यक्ष बघितलंय, की नातेवाईक म्हाताऱ्या माणसाच्या कानाशी 'आता सुटा, आता सुटा' म्हणत बसतात आणि त्याला अजून सुटायचं नसतं.

जैनांचं मात्र वेगळं आणि इथेच घटनेशी खरी टक्कर आहे. सल्लेखना किंवा संथारा म्हणजे व्रत घेऊन हळूहळू अन्न, मग पाणी सोडणं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत आचार्य शांतिसागर महाराजांचं नाव माहीत नाही असा माणूस नसेल, त्यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला दृष्टी अधू होत गेल्यावर सल्लेखना घेतली आणि ३६ व्या दिवशी देह ठेवला. आता २०१५ च्या १० ऑगस्टला राजस्थान हायकोर्टाने संथारा ही आत्महत्याच आहे, धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, म्हणून ३०९ खाली गुन्हा धरा असा निकाल दिला. देशभर जैन समाज रस्त्यावर आला, मूक मोर्चे निघाले, आणि ३१ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. कलम २५ धर्मस्वातंत्र्य देतं पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून, म्हणजे प्रश्न असा की व्रत हे आरोग्याच्या आड येतं का, आणि ते ठरवणार कोण, न्यायाधीश की आचार्य. मला विचाराल तर हायकोर्टाचा निकाल घिसाडघाईचा होता. पण घरातल्या नव्वदीच्या आजीला व्रत 'दिलं' जातं की ती स्वतः घेते, हे बघायला कोणीतरी हवं हेही तितकंच खरं. शेवटी शेवटी तिने पाणी मागितलं तर ते द्यायचं की नाही, सगळा प्रश्न त्या एका वाटीत आहे.

आता घटना. कलम २१ : कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय कोणाचं जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. यात मरण्याचा हक्क येतो का, हा वाद आपल्या मुंबईतूनच सुरू झालाय. मुंबई पोलिसातला एक शिपाई, अपघातानंतर मानसिक आजारी झालेला, दुकानाच्या परवान्यावरून वैतागून महापालिका आयुक्तांच्या ऑफिसबाहेर अंगावर रॉकेल ओतून घ्यायला निघाला, त्याच्यावर ३०९ लागलं. १९८६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि बी. जी. कोळसे-पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी १९९४ मध्ये पी. रथिनम केसमध्ये तेच म्हटलं, बोलण्याच्या हक्कात गप्प बसण्याचा हक्क येतो तसं जगण्याच्या हक्कात न जगण्याचा येतो अशा धर्तीवर. हे ऐकायला छान वाटतं पण टिकलं नाही. १९९६ मध्ये ग्यान कौर केसमध्ये पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं. ती केस काय होती तर सुनेला आत्महत्येला प्रवृत्त केल्याबद्दल शिक्षा झालेलं जोडपं म्हणत होतं की मरणं हा हक्क असेल तर त्याला मदत करणं गुन्हा कसा! कोर्टाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही, पण सन्मानाने जगण्यात सन्मानाने मरणं येतं, म्हणजे मरण जवळ आलेलंच आहे, नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालीये, तिथे. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

मग अरुणा शानबाग. केईएममधल्या नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच अत्याचार झाला, मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याने भान हरपलेल्या अवस्थेत ४१ वर्षांवर राहिल्या. बऱ्याच लोकांना वाटतं त्या व्हेंटिलेटरवर होत्या. नव्हत्या. स्वतःचा श्वास घेत होत्या, मऊ अन्न भरवलं जात होतं, म्हणजे अर्ज होता तो खरं तर भरवणं थांबवण्याचा. पत्रकार पिंकी विराणींचा तो अर्ज ७ मार्च २०११ ला फेटाळला गेला, कोर्ट म्हणालं की त्यांच्या वतीने बोलायचा हक्क सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे आणि त्यांना त्या जगायला हव्यात. पण त्याच निकालाने हायकोर्टाच्या परवानगीने लाइफ सपोर्ट काढायची वाट उघडली. म्हणजे ज्यांच्या नावाने दार उघडलं त्यांच्यासाठी ते उघडलं नाही, मे २०१५ मध्ये त्या न्यूमोनियाने गेल्या. त्यांना एवढी वर्षं बेडसोर होऊ दिला नाही असं केईएमच्या नर्सेसबद्दल सांगितलं जातं, आणि ज्याने एकदा तरी असा पेशंट दर दोन तासांनी कुशीवर वळवलाय त्याला ते काय आहे ते कळेल. सन्मान म्हणजे काय यावर निकालांत पानंच्या पानं आहेत, मला हे त्यांच्यापेक्षा जास्त पटतं.

९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज केसमध्ये पाच न्यायमूर्तींनी लिव्हिंग विलला मान्यता दिली, त्याआधी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली होतीच, स्वतःच्या शरीराबद्दल स्वतः ठरवायचं हा धागा तिथून आला. पण २०१८ ची प्रक्रिया एवढी किचकट होती की कागदावरच राहिली, मॅजिस्ट्रेटसमोर सही, वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर बोर्डावर, मॅजिस्ट्रेटने स्वतः येऊन पेशंट बघायचा. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली आणि आज तीच चालते.

भावाला हे दाखवा. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे, पेशंटने हात जोडले तरी, त्याची संमती असेल तर फार तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका वृद्ध जोडप्याने आम्ही धडधाकट आहोत पण आम्हाला एकत्र मरू द्या म्हणून राष्ट्रपतींना लिहिलं होतं, ते यातल्या कशातच बसत नाही. बसावं का? मला नाही वाटत, निदान आत्ता नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून म्हाताऱ्याला लवकर 'सुटका' हवी असणारी घरं मी बघितलेली आहेत, आणि जिथे दुखणं थांबवायला साधं मॉर्फिन मिळत नाही तिथे मरण मागणं हा किती खरा चॉइस आहे हा प्रश्नच आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलून मॉर्फिन सोपं केलं, तरी तालुक्याच्या ठिकाणी विचारून बघा.

पण उपचार न घेणं, किंवा रीतसर थांबवणं, यात केस नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ सुद्धा १ जुलै २०२४ पासून गेलं, दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत फक्त सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न राहिलाय.

मग हॉस्पिटलात खरं काय होतं? डामा. म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय अशी नातेवाइकांकडून सही घ्यायची, वॉर्डबॉयने अँब्युबॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत पेशंट अॅम्ब्युलन्समध्ये चढवायचा, घरी दारात गेल्यावर नळी काढायची, तोवर कोणीतरी तुळशीपत्र आणि गंगाजल तयार ठेवलेलं असतं. प्रत्यक्षात उपचार थांबवण्याचा निर्णय डॉक्टर आणि घरचे दोघांनी मिळून घेतलेला असतो, पण कागदावर सगळं पाप मुलाच्या सहीवर. आणि बहुतेक वेळा खरं कारण बिल असतं, ते कोणी बोलत नाही. त्या मुलाला मग वर्षानुवर्षं वाटत राहतं की मीच मारलं. घरी मॉर्फिन नाही, ऑक्सिजन नाही, अर्धा तास माणूस तडफडतो ते सगळ्यांनी बघायचं. ही पळवाट बंद व्हावी म्हणून तरी रीतसर प्रक्रिया वापरा असं मी प्रत्येकाला सांगतो.

ती अशी. वडिलांनी मराठीतच लिहावं, साध्या भाषेत. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर सही. आपण बोलू शकलो नाही तर कोण बोलेल त्यांची नावं, एकाहून जास्त चालतात, आणि तुमच्या घरात मी म्हणेन की आईंचंही नाव घाला, त्यांना बाहेर ठेवून हे करू नका. प्रत घरच्यांकडे, फॅमिली डॉक्टरकडे आणि महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले गेले ते मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले म्हणून, नाहीतर फाइल तशीच पडून राहिली असती. त्या ऑफिसातल्या क्लार्कला हे माहीतच नसेल, चिडू नका, अर्जाची पोच घ्या. मत बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं.

वेळ आली आणि वडील बोलू शकत नसले तर हॉस्पिटलचं पहिलं बोर्ड बसतं, ट्रीटिंग डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला आणि दोन वेगळे तज्ज्ञ, त्यांनाही ४८ तास. तुमची लेखी संमती, मॅजिस्ट्रेटला नुसतं कळवायचं, आणि मग थांबवायचं. बोर्डाने नाही म्हटलं तरच हायकोर्ट. लिव्हिंग विल केलेलंच नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हाच रस्ता आहे. काही हॉस्पिटलं अजूनही 'आमच्याकडे असं करत नाही' म्हणतात, म्हणून आत्ताच, वडील बरे असताना, ज्या हॉस्पिटलात नेणार तिथे जाऊन विचारून ठेवा.

एक शेवटचं आणि हे डॉक्टर म्हणून. 'नळी नको' एवढंच लिहू नका. सीओपीडीत तोंडावर मास्क लावून बायपॅप मशीन देतात, त्याने घशात काही न घालता बरेच पेशंट तीन-चार दिवसांत घरी जातात, तुमचे वडील कदाचित त्याला नाही म्हणतच नसतील. त्यांना बसवून विचारा की मास्क चालेल का, किती दिवस, आयसीयूत जायचं का, हृदय थांबलं तर छातीवर दाबायचं का, अँटिबायोटिक घ्यायचं का, आणि दम लागला तर मॉर्फिनचा छोटा डोस चालेल का, आणि हे सगळं एकेक ओळीत कागदावर उतरवा, मग छातीच्या डॉक्टरकडून त्याखाली सही-शिक्का घ्या. त्याची एक झेरॉक्स फ्रिजवर लावा आणि डॉक्टरांचा मोबाईल नंबर त्यावर मोठ्या अक्षरात, कारण धाप रात्री दोनलाच लागते आणि १०८ ची गाडी आल्यावर त्यातल्या पोराला कोणीतरी कागद दाखवला नाही तर तो त्याचं काम करणारच.